मात्रा

आमच्या वर्गाच्या पहिल्या संध्याकाळी सातजणी आल्या आणि त्यांतल्या तिघींचा चष्मा घरी राहिला होता.

मी नवखी होते, मला ते खरंच वाटलं. पुढच्या खेपेला आठवणीनं आणा, म्हणाले. पुढच्या खेपेला पुन्हा राहिला. तिसऱ्या वेळी माझी ट्यूब पेटली. ज्याला वाचता येत नाही अशा मोठ्या माणसाचा चष्मा कायम घरीच राहतो. बँकेत, दवाखान्यात, मुलाच्या शाळेत कुणी कागद पुढे सरकवला की हात पिशवीत जातो, थोडी शोधाशोध होते, मग कसनुसं हसू आणि "चष्मा विसरले बघा, जरा वाचून सांगता का?" हे सगळं इतकं सराईत असतं की वर्षानुवर्षं कुणाला शंका येत नाही. कधी कधी घरातल्यांनाही नाही. आपल्या भाषेत अशा माणसासाठी 'अंगठेबहाद्दर' असा एक कुजकट शब्द आहे. तो ज्यानं काढला त्याला ही बहादुरी काही ठाऊक नसावी.

त्या तिघींपैकी एकीला मात्र अक्षरं चांगली येत होती. तिला लागली होती ती चाळिशी. लांबचा फळा स्वच्छ दिसायचा, हातातला कागद दिसायचा नाही, आणि आपण शाळेत शिकलेलं विसरलो असं तिनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं. तिला वर्गाची गरजच नव्हती. चष्मा मिळाल्यावर ती यायची थांबली आणि माझ्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'गळती' अशी नोंद झाली. तिच्याइतकं यश त्या वर्षी दुसऱ्या कुणाला मिळालं नव्हतं.

आमचा गट मुळात शिकवण्यासाठी जन्मलेलाच नव्हता. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेल्या बायकांचा तो गट. आळीपाळीनं एकमेकींच्या घरी दोन तास बसायचं, म्हणजे त्या घरातल्या बाईला बाहेरची कामं उरकता येतात किंवा नुसतं झोपता येतं, एवढीच कल्पना. पुढे वर्गणी सुरू झाली, मग वही आली, बैठका आल्या, नोंदणी झाली, आणि मला लिहिता-वाचता बरं येतं म्हणून मी कार्यवाह झाले. स्वयंसेवी संस्थांमध्ये पदं अशीच मिळतात. जो वही उचलतो त्याच्या हातात ती राहते.

एकदा एका घरात औषधाची मात्रा चुकली. रोज एक घ्यायची गोळी दोनदा दिली गेली. सुदैवानं फार बिघडलं नाही, पण सगळ्या हादरल्या. त्या आठवड्याच्या बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "मला तर पाकिटावरचं काहीच कळत नाही. मी रंगावरनं देते." दुसरी म्हणाली, "मी पण." कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो, हे तिसरीनं सांगितलं. अशा रीतीनं वर्ग सुरू झाला.

मी तयारी जोरात केली. तक्ते आणले, बाराखडीची पुस्तकं आणली, क कमळाचा, ब बदकाचा. काकूंनी (सगळ्या त्यांना काकूच म्हणायच्या, वय अठ्ठावन्न, घरी लकव्यानं पडलेले यजमान) पुस्तक चाळलं, बदकाकडे जरा बघितलं आणि मिटून माझ्यासमोर ठेवलं.

"ताई, बदक वाचून मी काय करू? मला ही चिठ्ठी वाचायचीय."

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधवाल्यानं मराठीत लिहून दिलं होतं: उपाशीपोटी. दुसऱ्या ओळीत, जेवणानंतर.

तेव्हा आमचा पहिला धडा 'उपाशीपोटी' हा झाला. पाच अक्षरांत काना, वेलांटी आणि ओकार, तिन्ही सापडले. 'पोटी'तला पो सुटा केला, त्यातून पा, पी, पू, पे काढले. 'पे'च्या डोक्यावरची तिरकी रेघ दाखवून मी म्हणाले, हिला मात्रा म्हणतात. काकूंनी भुवया उंचावल्या. "हिला पण मात्राच? म्हणजे इथंही कमीजास्त झालं की घोटाळा." वर्गात पहिल्यांदा सगळ्या मोठ्यानं हसल्या.

या पद्धतीचा शोध मी लावला असं म्हणण्याची सोय नाही. ब्राझीलच्या ईशान्येला अंजिकोस नावाचं एक लहान गाव आहे. तिथं १९६३ साली शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी सुमारे ३०० मजुरांना जेमतेम ४० तासांच्या शिकवणीत वाचायला शिकवलं. त्यांनी बालभारती छापाचं पुस्तक घेतलंच नाही. आधी त्या लोकांत जाऊन त्यांच्या बोलण्यातले, पोटाशी आणि रागाशी जोडलेले शब्द वेचले आणि त्यांचीच अक्षरं फोडली. त्यांचा गाजलेला शब्द 'तिजोलो', म्हणजे वीट. त्यातून ता-ते-ति-तो-तु, मग जा-जे-जि-जो-जु, मग ला-ले-लि-लो-लु. हे तुकडे जुळवून माणसं स्वतः नवे शब्द बनवत. आपली बाराखडी या लोकांना आयती मिळाली असती तर किती खूश झाले असते, असं मला नेहमी वाटतं. वर्गाला ते वर्ग म्हणत नसत, मंडळ म्हणत, आणि मास्तरच्या जागी समन्वयक असे. समारोपाला राष्ट्राध्यक्ष जोआव गुलार्त जातीनं आले होते. पुढच्याच वर्षी लष्करानं गुलार्त यांना हटवलं आणि फ्रेअरींना आधी तुरुंगात टाकलं, मग परागंदा व्हायला लावलं. ते परतले १९८० मध्ये.

बाराखडी शिकवली म्हणून तुरुंग? त्या काळी ब्राझीलमध्ये निरक्षरांना मताचा अधिकार नव्हता. तो १९८५ साली मिळाला. ३०० मजूर वाचायला शिकले म्हणजे ३०० नवे मतदार. सगळ्या देशात असं झालं तर काय होईल, हा हिशेब लष्कराला आपल्यापेक्षा लवकर जमला.

हे सगळं मी एका प्रशिक्षण शिबिरात ऐकलं. शिबिराबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. प्रौढांना मान द्यावा, त्यांच्या अनुभवातून शिकवावं, हे तिथं दोन दिवस पडद्यावर दाखवलं गेलं आणि आम्ही चाळीस प्रौढ रांगेत बसून ते उतरवून घेत होतो. मधल्या वेळेत उभं राहून टाळ्या वाजवत आपल्या नावाला जुळणाऱ्या प्राण्याचं नाव सांगायचा खेळ. माझ्या शेजारी तीस वर्षं कामगार संघटनेत काढलेले एक गृहस्थ होते. त्यांनी कुठला प्राणी सांगितला ते मी लिहीत नाही, पण तो प्रशिक्षकाला उद्देशून होता.

मला जास्त जवळची वाटते ती बर्निस रॉबिन्सन. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात जॉन्स आयलंड नावाचं बेट आहे. तिथं इसॉ जेंकिन्स हे गृहस्थ बस चालवत, बेटावरच्या कृष्णवर्णीय कामगारांना चार्ल्स्टनला नेत आणि आणत. मतदार यादीत नाव घालायचं तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. जेंकिन्स बसमध्येच प्रवाशांना घटनेची कलमं समजावून सांगायचे. त्यांतल्या ॲलिस वाइन या बाईनं तो उतारा चक्क पाठ केला, नोंदणी कचेरीत कागदाकडे बघत धडाधड म्हणून दाखवला आणि मताचा अधिकार मिळवला. पण तिला तेवढ्यावर समाधान नव्हतं. तिला खरोखर वाचायचं होतं.

त्यातून १९५७च्या जानेवारीत तिथं वर्ग सुरू झाला. एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत. समोर किराणा दिसेल, मागे काय चाललंय ते गोऱ्यांना कळू नये, अशी योजना. त्यामागे टेनेसीतली हायलँडर ही लोकशाळा, म्हणजे मोठ्या माणसांसाठीची शाळा होती, १९३२ मध्ये मायल्स हॉर्टन आणि डॉन वेस्ट यांनी काढलेली. तिथं काम करणाऱ्या सेप्टिमा क्लार्क स्वतः शिक्षिका. नागरी हक्कांच्या संघटनेचं सभासदत्व सोडायला नकार दिला म्हणून १९५६ मध्ये सरकारी शाळेतली नोकरी गेलेली. त्यांनी या वर्गासाठी आपल्या नात्यातल्या बर्निसला निवडलं. ती केशभूषेचं दुकान चालवायची आणि शिवणकाम करायची. आपल्याला शिकवता येत नाही, असं ती सांगत राहिली. क्लार्क आणि हॉर्टन यांना नेमकं तेच हवं होतं. शिवाय तिची गिऱ्हाइकं तिच्याच समाजातली, म्हणजे तिला नोकरीवरून काढणारं कुणी नव्हतं.

आणि ही बर्निस पहिल्या दिवशी काय घेऊन गेली, तर लहान मुलांची शाळेची पुस्तकं. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीवरून उठले. तिचंही बदक झालं होतं! तिला ते लगेच उमगलं, तिनं पुस्तकं बाजूला ठेवली आणि चौदा जणांना विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? नाव लिहायचंय. मनीऑर्डरचा फॉर्म भरायचाय. बायबल वाचायचंय. वर्गाचा अभ्यासक्रम तिथंच ठरला. हा एक वर्ग पुढे दक्षिणेतल्या राज्याराज्यांत पसरला. टेनेसी सरकारनं १९६१ मध्ये हायलँडरची सनदच रद्द केली, तोवर हे काम दुसऱ्या संघटनेकडे सोपवलेलं होतं. वर्ग थांबले नाहीत.

माणसं एकत्र येऊन शिकतात ही गोष्ट तशी जुनीच. डेन्मार्कमध्ये रॉडिंगला १८४४ साली पहिली लोकशाळा निघाली, ग्रुंटविग या पाद्री-विचारवंताच्या कल्पनेतून. परीक्षेचा जाच नाही. महात्मा फुल्यांनी १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. स्वीडनमध्ये ऑस्कर ओल्सन यांनी १९०२ मध्ये दारूबंदी चळवळीतल्या लोकांची अभ्यासमंडळं सुरू केली. मिळून पुस्तकं घ्यायची, वाचायची, वाद घालायचा आणि वाचून झालेली पुस्तकं मंडळाच्या कपाटात ठेवायची. त्यातून वाचनालयं उभी राहिली. इंग्लंडमध्ये १९०३ साली अल्बर्ट मॅन्सब्रिज या सहकारी संस्थेतल्या कारकुनानं बायकोच्या, फ्रान्सिसच्या घरखर्चातले अडीच शिलिंग भांडवल म्हणून घेऊन कामगारांच्या शिक्षणाची संघटना काढली. ती आजही चालू आहे. इतिहासात नाव अल्बर्टचं मोठं, पैसे फ्रान्सिसचे. आमच्या गटातल्या बायकांना ही गोष्ट सांगितली तेव्हा कुणालाही नवल वाटलं नाही.

आता काकूंच्या पेटीची गोष्ट.

वर्ग रखडत चालला होता. उपाशीपोटी आणि जेवणानंतर येऊ लागलं, स्वतःचं नाव आलं, पण पुढे गाडी हलेना. थकून यायच्या, अर्धा वेळ डुलक्या. तेवढ्यात आमच्या खजिनदार दुसऱ्या गावी राहायला गेल्या. पद घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी एकजण थट्टेत म्हणाली, काकूंकडे द्या पेटी, त्यांच्या हातून एक नाणं हलायचं नाही. काकूंनी ती थट्टा मानली नाही. पेटी उचलून मांडीवर घेतली. पेटी त्यांच्याकडे आणि रोजकीर्द माझ्याकडे, अशी वाटणी झाली.

महिनाअखेर शिल्लक जुळेना. वहीत जास्त, पेटीत कमी. मी दोनदा बेरीज केली, तिसऱ्यांदा केली. तेव्हा माझ्या मनात काय आलं ते कबूल करते: एक क्षणभर मी काकूंच्या पेटीकडे बघितलं. त्या नजरेतलं त्यांनी बरोबर वाचलं. हे वाचन त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुम्ही वाचा, मी सांगते." आणि डोळे मिटून त्यांनी पहिल्या आठवड्यापासून सुरुवात केली. कोण कुठं बसलं होतं, कुणी सुटे दिले, कुणी मागची बाकी धरून दिली, कुणी उद्या देते म्हणून परवा आणून दिले. मी एकेक नोंदीवर बरोबरची खूण करत गेले. तिसऱ्या आठवड्यात त्या थांबल्या. "हिचे पुन्हा कसे आले? तिनं एकदाच दिलेत." मी एक वर्गणी दोनदा लिहिली होती. ॲलिस वाइनला राज्यघटना पाठ होती, काकूंना आमची अख्खी रोजकीर्द.

त्या दिवसापासून काकूंना वाचायचं होतं ते माझी वही तपासायला. वर्गात त्या आता तक्त्याकडे बघत नसत, थेट रोजकीर्द मागत. शिल्लकेच्या ओळीपासून वर जात. नावं आधीच ठाऊक, आकडे पैसे मोजून मोजून ओळखीचे, म्हणून अंदाज बांधत बांधत अक्षरं पकडत. दीड वर्षात बाराखडीनं जे झालं नव्हतं ते चार महिन्यांत वहीनं झालं.

असं का व्हावं याचं एक उत्तर मला मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांच्या कामात सापडलं. त्यांनी लायबेरियात शिंप्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरांचा अभ्यास केला. शिंपी काम करतो तो क्रम असा: कापड बेतायचं, मग शिवायचं, मग काजं-बटणं आणि दुमड. शिकणाऱ्याचा क्रम याच्या बरोबर उलटा. तो आधी तयार कपड्याला बटणं लावतो, मग शिवण शिकतो आणि कात्री हातात येते सगळ्यात शेवटी. बटण लावताना कपडा पुरता कसा दिसतो, कुठं काय जोडलंय, हे त्याच्या नजरेखालून जातं. चुकलं तर बटण उसवता येतं; चुकीचं कापलेलं कापड मात्र वाया गेलं. एतियेन वेंगर यांच्याबरोबर १९९१ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वयंसहाय्य गटांचाही विचार केलाय. तिथं शिकवणी अशी नसतेच. जुन्या लोकांच्या कहाण्या ऐकता ऐकता नवा माणूस आपली कहाणी सांगायला शिकतो.

आम्ही शाळेत शिकलेले लोक माणसाच्या हातात आधी कात्री देतो. आधी अक्षरं, मग शब्द, मग वाक्य, मग कधीतरी तू तयार झालास की जबाबदारी. काकू तयार नव्हत्या तेव्हाच पेटी त्यांच्या मांडीवर आली होती. आणि ती मी दिलेली नव्हती. मी तर मनातल्या मनात विरोधात होते.

यातलं काहीच कागदावर दाखवता येत नाही, ही वेगळी रड. एकदा आम्ही वर्गासाठी मदत मागितली. अर्जात रकाने होते: लाभार्थी किती, साक्षर किती, प्रमाणपत्रं किती, गळती किती. जगात ७० कोटींहून अधिक प्रौढांना आजही लिहिता-वाचता येत नाही आणि त्यांत जवळजवळ दोन तृतीयांश स्त्रिया आहेत. एवढा मोठा आकडा समोर असला की देणाऱ्यालाही आकडेच दिसणार, हे मला समजतं. पण 'कार्यवाहाची चूक पकडली' हे मी कुठल्या रकान्यात लिहू? मी काकूंना 'लाभार्थी'त घातलं. अर्ज मंजूर झाला नाही, ते बरंच झालं.

मागच्या महिन्यातली बैठक. नियमाप्रमाणे आधीच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायचं होतं. मी नेहमीसारखी वही उघडली, तर काकू म्हणाल्या, मी वाचते. सगळ्या सावरून बसल्या. चष्मा होता, खरा. बोट ओळीखाली ठेवून, अडत, मागं येत, पुन्हा पुढं जात त्या वाचत गेल्या. मला आत इतका आनंद झाला होता की त्या काय वाचतायत तिकडं माझं लक्षच नव्हतं. आठवड्याचा वार बदलायचा ठराव आला आणि त्या थांबल्या. जोडाक्षर अडलं असेल म्हणून मी पुढे झाले.

"सर्वानुमते," मी हळूच सांगितलं.

"ते कळलं मला." बोट तिथंच. "म्हणजे सगळ्यांचं एकच मत?"

"हो."

"मी तर नको म्हणाले होते. त्या वारी ह्यांना मालीश करायला माणूस येतो, सांगितलं होतं मी."

सांगितलं होतं. मला आठवलं. बाकी सगळ्या हो म्हणत होत्या, वेळ झाला होता, आणि 'सर्वानुमते' हा शब्द माझ्या हाताला इतका सवयीचा झालाय की तो आपोआप उतरतो. मी मागची पानं मनात चाळू लागले. पाच वर्षांच्या वह्या, बहुतेक सगळे ठराव सर्वानुमते. त्यांतल्या किती वेळा कुणी नको म्हणालं होतं, आणि ज्यांना वाचता येत नाही अशा किती जणींनी त्याखाली सही किंवा अंगठा केला होता? ब्राझीलच्या सेनापतींवर मी तावातावानं बोलत होते, आणि वही पाच वर्षं माझ्याच हातात.

"दुरुस्त करते," मी म्हणाले आणि पेन घेतलं.

"थांबा, मी लिहिते."

त्यांनी शब्द एका रेघेनं खोडला, वर लिहिलं: एकीचा विरोध. बराच वेळ लागला. मग पुढे स्वतःचं नाव लिहिलं. 'विरोध'मधल्या र-ला काना दिला होता, वरची मात्रा राहिली होती. मला ते दिसलं. सांगावं की नाही, मी ठरवत होते, तोवर त्यांनीच वही लांब धरून बघितली, जीभ दाताखाली धरली आणि ती तिरकी रेघ ओढून वही पलीकडे बसलेल्या मावशींच्या हातात दिली.

"बघा गं, अजून कुणाचं राहिलंय का."